नववा नंबर

दिवाळी सरली की आमच्या गावाला एक वास सुटतो. पावसाळाभर पाण्याखाली असलेला मिठागराचा चिखल उघडा पडतो, ऊन खातो आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर थेट घरात येतो. कुजका म्हणावा तर कुजका नाही, खारट म्हणावा तर नुसता खारट नाही. उरणच्या रस्त्यानं जाणारे पाहुणे गाडीच्या काचा वर करतात. मला तो वास आला की माझा पाय हलायला लागतो.

बसल्या जागी पाय हलवायची ही सवय मला शाळेपासून आहे. आईनं रागावून पाहिलं, चिमटे काढून पाहिलं. आता ती नुसतं म्हणते, "हर्षदा, पाय थांबव गो, पाट हलतंय." मी थांबवते, आणि जरा वेळानं तो आपला पुन्हा सुरू होतो. एका जागी, एका कामात, एका शहरात माझं मन रमलंय असं कधी झालं नाही. पुण्यात असले की खाडी आठवते, खाडीकाठी आले की पुण्याच्या खोलीतलं टेबल आठवतं. आत्ताही ओटीवर लॅपटॉप मांडून बसले आहे. समोर मिठाच्या आगरात बायका-माणसं एका ओळीत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून कप्प्यांचा तळ पायांनी तुडवताहेत. मागं कंटेनर उचलणाऱ्या क्रेनचा भोंगा अधूनमधून वाजतो. माझी अर्धी भरलेली बॅग दाराशी पडली आहे. ऑफिसनं परत बोलावलंय, आणि मला जायचंय की नाही हे माझं मलाच धड सांगता येत नाही.

अशा वेळी काम करायला बसावं तर कामात गेल्या वर्षीचा हंगामच पुढे येतो. कारण काम तेच आहे.

मी काय करते ते घरात कुणालाच नीट समजावता आलेलं नाही. आई विचारणाऱ्याला सांगते, "ती पेट्या बनवते." ते फार चुकीचंही नाही. इमारतींच्या टाक्यांत पाणी कुठवर आलं ते सांगणाऱ्या छोट्या पेट्या असतात, त्यांच्या पोटातला प्रोग्राम मी लिहिते. पेटीची स्मरणशक्ती बेताची. मोठ्या कॉम्प्युटरवर एखादी यादी लागेल तशी लांबत जाते, कुणी तिला अडवत नाही. पेटीत हे लाड चालत नाहीत. तिथं आधीच सांगावं लागतं की या यादीला जागा आठ. त्या आठ जागा पहिल्या दिवसापासून राखून ठेवलेल्या असतात, रिकाम्या असल्या तरी. आणि नववी नसते. मला स्वतःला कुठं थांबायचं ते कळत नाही, म्हणून असेल कदाचित, पण या याद्यांवर माझा जीव आहे.

फक्त त्या लिहायला फार कटकट. प्रत्येक यादीसाठी तेच ते सांगायचं, किती जागा, सुरुवातीला आत काय, भरली तर काय करायचं. त्या कंटाळ्यातून मी एक मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे एक आखूड शब्द. तुम्ही तो लिहायचा, आणि प्रोग्राम तयार होण्याआधी त्या शब्दाच्या जागी दहा-बारा ओळी आपोआप उलगडतात. तुम्हाला त्या ओळी दिसतही नाहीत. सोय आहे ती.

आमचं घर अशा शब्दांवरच चाललंय. दारात कुणी आलं की आई तोंड न वळवता म्हणते, "चाय टाक." त्यात खुर्चीवरचे कपडे उचलणं आलं, फुटक्या कानाचे कप मागं लपवणं आलं, शेजारून दूध आणणं आलं, आणि पाहुणा कोण आहे त्यावरून साखर किती हेही आलं. यातलं काहीच ती बोलत नाही. आगरावरही तसंच आहे. बाबा उघाडीवर उभे राहून एकच शब्द ओरडायचे, "फली!" आणि त्या एका शब्दावर माणसं धावायची, फळ्या उचलल्या जायच्या, खाचेत बसायच्या, फटींना चिखल लागायचा.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, खाडी फुगते तेव्हा ते दार उघडून समुद्राचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं. तळं भरलं की फळ्या टाकून दार बंद. तेच पाणी मग महिनाभर उन्हात या कप्प्यातून त्या कप्प्यात फिरत घट्ट होतं आणि शेवटच्या कप्प्यांत मीठ धरतं. दार उशिरा बंद झालं तर तळं आतल्या बाजूला, बांध सखल आहे तिथून उतू जातं आणि धरलेलं मीठ विरघळवून टाकतं. ती सखल बाजू उघाडीवरून दिसत नाही. बाबा ती कानानं बघायचे. उघाडीतून तळ्यात पाणी पडतं त्याचा एक आवाज असतो. तळं वर येत जातं तसा तो बारीक होत जातो आणि एका क्षणी थांबतो. थांबला की "फली!"

हंगामाच्या सुरुवातीला आमच्याकडे फळ्या बाहेर काढून खाडीत धुतात, हळद-कुंकू लावतात, नारळ फोडतात आणि पहिली फळी एका माणसाच्या हातात देतात. ज्याच्या हाती पहिली फळी, त्याच्याकडे त्या हंगामाची उघाडी. मला समजायला लागल्यापासून ती फळी बाबांच्याच हातात पाहिली आहे. इतकी, की शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला तेव्हा मी "फळी" असं उत्तर दिलं होतं. बाईंना वाटलं मी सुताराची मुलगी आहे.

गेल्या वर्षी मी दिवाळीला आले ती परत गेलेच नाही. ऑफिसनं घरून काम करायला हरकत घेतली नव्हती आणि पुण्याच्या खोलीचा मला कंटाळा आला होता. नवी पेटी तपासायला पाणी चढतं-उतरतं अशी जागा हवी होती. बाबांना विचारलं, "तळ्याच्या सखल बाजूला एक पेटी लावू का? पाणी खुणेवर आलं की तुमचा फोन वाजेल."

"लाव," बाबा म्हणाले.

एवढंच. स्वयंपाकघरात मिक्सर यायला या माणसानं वर्षभर नाक मुरडलं होतं. पेटीला मात्र एका शब्दात हो. मला आनंद झाला. लेकीच्या कामाचं कौतुक आहे, असं मी धरून चालले. आता आठवलं की त्या आनंदाचंच हसू येतं.

पेटी एका मागून एक फोन लावते, म्हणून आठच नंबर ठेवले होते. त्याहून जास्त झाले तर शेवटच्याला कळेपर्यंत पाणी बांधावरून गेलेलं असायचं. पहिला नंबर बाबांचा घातला. मग आईचा, मुकादमाचा, आजूबाजूच्या आगरवाल्यांचे, आणि शेवटी माझा. जागा भरल्या. बाबा फोन सदऱ्याच्या खिशात, छातीशी ठेवायचे. पहिल्या उधाणाला पेटी बोलली, बाबांनी छातीवर हात ठेवला आणि ओरडले, "फली!" मी बांधावर उड्या मारल्या. आई म्हणाली, "पाय घसरंल गो, पर आता पान्यात."

मग हंगाम लागला. सकाळी कप्प्यांवर साय धरल्यासारखा पातळ थर यायचा आणि दुपारी तो जड होऊन खाली बसायचा. दाताळ्यानं मीठ ओढताना होणारा कर्र-कर्र आवाज घरापर्यंत ऐकू यायचा. उन्हात पांढऱ्याकडे बघवत नसे. मिठाच्या टोपल्या वाहून आलेल्या बायका ओटीवर टेकायच्या, भेगा पडलेल्या टाचांना खोबरेल चोळायच्या आणि माझ्या लॅपटॉपकडे बघून "हिला घाम तरी येतो का गो?" असं आईला विचारायच्या. जेवायला तांदळाची भाकरी आणि जवळा, कधी चिंबोऱ्या. मला त्या दिवसांत सुखी असायला हरकत नव्हती. पण मीठ धरण्याची वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. मी सारखी बांधावर जाऊन यायचे, कप्प्यात बोट बुडवायचे, चाखायचे. मुकादम म्हणायचा, "बोटान काय व्हतंय? ऊन कामाला हाय, तू बस."

तेवढ्यात निलेश आला. निलेश आमच्या घरामागचा, माझ्याच वर्गातला. दिवसा बंदरावर ट्रेलर चालवतो आणि उरलेल्या वेळात वडिलांचं आगर बघतो. त्याचे कप्पे अगदी सखल बांधाला लागून.

"हर्षदा, माजा पन नंबर अ‍ॅड कर ना. पानी आला तं पयला माजाच आगर बुडतंय, आन मना सगल्यात लास्टला कलतंय."

बरोबर होतं त्याचं. मी तिथंच बसून एक ओळ लिहिली. पेटीनं नंबर घेतला, कुरकुर न करता. यादी भरलेली होती हे माझ्या लक्षात होतं-नव्हतं असं होतं. घेतला ना, मग झालं, असं म्हणून मी लॅपटॉप मिटला.

पुढच्या पौर्णिमेला तळं उतू गेलं.

मी घरी होते. माझा फोन वाजला, मी बघितला आणि बंद केला, कारण उघाडीवर बाबा होते. मुकादमानं बंद केला, कारण उघाडीवर बाबा होते. आई बाजारात होती, तिनं पिशवीतला फोन बंद केला. निलेश बंदराच्या रांगेत ट्रेलरमध्ये होता, त्यानंही तेच केलं. आणि उघाडीवर बाबा शांत उभे होते, खाडीकडे बघत. मग बांधावरून कुणीतरी हात करत पळत आलं. तोवर निलेशच्या कप्प्यांची अख्खी ओळ गेली होती. आदल्या दिवशी पांढरं दिसलेलं सगळं गढूळ पाणी झालं होतं. निलेश आला, बांधावर उकिडवा बसला आणि गढूळ पाण्यात हात घालून तळ चाचपत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "फोन वाजला ना?"

"वाजला. आयकला ना मी. फली फुगली व्हती, बसायला येल लागला."

मी मान हलवली. फळ्या फुगतात, हे खरंच आहे.

पण माझा पाय थांबेना. दुसऱ्या दिवशी पेटी उघडून बसले. यादीत आठ नंबर होते. शेवटी निलेशचा. पहिला आईचा. बाबांचा कुठंच नव्हता.

कारण कळायला वेळ लागला नाही. मॅक्रो मी मुळात पाण्याच्या मापांसाठी लिहिला होता. मापांची यादी भरली की सगळ्यात जुनं माप बाहेर टाकायचं आणि नवं आत घ्यायचं. शिळ्या मापाचा उपयोग काय? तोच आखूड शब्द मी माणसांच्या यादीलाही वापरला. न दिसणाऱ्या त्या दहा ओळींनी आपलं काम चोख केलं. नववा आत घेतला, सगळ्यात जुना बाहेर टाकला. कुणाला न सांगता.

म्हणजे त्या दिवशी बाबांचा फोन वाजलाच नव्हता. आणि बाबा म्हणाले होते, "आयकला ना मी."

ओटीवर बसून मी ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात ऐकलं. मग एकेक आठवायला लागलं. टीव्हीचा वाढलेला आवाज. आईनं मागून हाक मारली की न वळणं, ज्यावर आम्ही कितीदा हसलो होतो, की सगळ्या नवऱ्यांना बायकोचं तेवढंच ऐकू येत नाही. समोर बसून बोललं की त्यांना सगळं कळायचं, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. आणि ते चटकन म्हटलेलं "लाव". बाबांना पाण्याचा आवाज येईनासा झाला होता. छातीवर थरथरणारा फोन हा त्यांचा कान झाला होता, आणि मी तो न विचारता काढून घेतला होता. त्यांना वाटलं फोन वाजला असणार, आपल्यालाच कळलं नाही. मग त्यांनी फळीला दोष दिला.

आता सांगायचं कसं? तुमची चूक नाही, फोन वाजलाच नाही, हे सांगायला गेलं की तुम्ही खोटं बोललात हे आपोआप आलं. आणि नाही सांगितलं तर एक ओळ मीठ आपल्या कानांमुळे गेलं, हे ओझं घेऊन तो माणूस उघाडीवर उभा राहणार. मी घरात येरझारा घातल्या. आईला विचारलं, "बाबांना कमी ऐकू येतं का गं?"

आई मासे साफ करत होती. "मना म्हायती हाय," ती म्हणाली. "दोन वर्सां झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांनी बोलायचा ना ता. मी कशाला बोलू?"

मॅक्रो मी त्याच दुपारी बदलला. आता यादी भरलेली असली की तो कुणालाच बाहेर टाकत नाही. नव्याला आत घेत नाही, हरवतही नाही, जसा दिला तसा सुखरूप परत हातात देतो. आणि परत आलेल्याकडे तुम्ही दुर्लक्ष केलंत तर प्रोग्राम तयार करताना कॉम्प्युटर कुरकुरतो, की हे परत आलंय, याचं काय करायचं ते सांगा. हे मला फार बरं वाटलं. रागही आला. कॉम्प्युटरला सांगणं सोपं असतं.

बाबांना मी आगराच्या वाटेवर गाठलं. ते पाय धूत होते. मी समोर जाऊन बसले, माझं तोंड दिसेल अशी.

"बाबा, त्या दिवशी तुमचा फोन वाजला नव्हता. निलेशचा नंबर टाकताना तुमचा यादीतून गेला. माझ्या प्रोग्राममुळे."

ते पायावर पाणी ओतत राहिले. तांब्या रिकामा झाला तरी हात तसाच.

"मंग मी आयकला काय?" ते म्हणाले.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं, पण ते हसू नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"मी माझा नंबर काढते," मी म्हणाले, "तुमचा परत टाकते. पहिला."

"नको, माजा नको टाकू. निलेशचा र्‍हावं दे. पानी पयला त्याच्याकरं जातंय." मग म्हणाले, "बाय, त्याला सांग. फली फुगली नव्हती म्हनावं."

मी सांगितलं. निलेश म्हणाला, "म्हायती हाय. मी बगली व्हती फली." पुढच्या उधाणापासून तो ट्रेलर सोडून दुपारचा उघाडीवर येऊन उभा राहू लागला. सखल बाजूला आई लाल फडकं घेऊन उभी राहायची. ते हललं की बाबा ओरडायचे. अशी माणसं जोडून जोडून तो हंगाम पार पडला. गावात कुणी काही विचारलं नाही. विचारणार होते ते दिवाळीनंतर, पहिल्या फळीच्या दिवशी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पावसाळाभर माझ्या डोक्यात तेच. कुणीतरी चारचौघांत बाबांना म्हणेल, आता राहू द्या. मी ते होऊ नये म्हणून काय काय करता येईल याचे बेत करत होते. जास्त थरथरणारा फोन, मनगटाला बांधायचा पट्टा, मोठा लाल दिवा. बाबांना दाखवले की ते "बरा हाय" म्हणायचे आणि उठून जायचे.

परवा फळ्या धुतल्या. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला. मुकादमानं पहिली फळी उचलली आणि सवयीनं बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती घेतली. ओल्या फळीचं पाणी त्यांच्या कोपरावरून ओघळत होतं. मग ते बोलले, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, गरजेपेक्षा मोठ्यानं.

"मना आता पानी आयकू येत न्हाय. गेल्या साली बी येत नव्हता. फली निलेशला द्या."

बांधावर एक कुजबुज उठली. बाबांपर्यंत ती पोचली नाही. त्यांनी स्वतःच चार पावलं जाऊन फळी निलेशच्या हातात ठेवली आणि त्याच्या बोटांची पकड नीट करून दिली. आई पदराचं टोक दातात धरून खाडीकडे बघत होती. मला इतक्या दिवसांचे माझे बेत आठवले आणि त्या पट्ट्यांची, दिव्यांची लाज वाटली. मला वाटत होतं फळी जाऊ नये. त्यांना ती आपल्या हातानं द्यायची होती.

काल त्रिपुरी पौर्णिमा. हंगामाचं पहिलं पाणी. बाबा उघाडीच्या अलीकडे बांधावर जाऊन बसले, जुन्या सवयीनं, आणि मी त्यांच्या शेजारी उभी. पाय हलतच होता. बॅग भरायची राहिली होती, ऑफिसचे दोन फोन घ्यायचे राहिले होते. खाडी चढली. निलेशनं दार मोकळं केलं आणि पाणी तळ्यात पडू लागलं. इतकी वर्षं मी इथं आहे, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. ऐकू येतच होता, ऐकला नव्हता. सुरुवातीला धबधब, मग हळूहळू आखडत जाणारा, मध्येच भोंग्याखाली बुडणारा आणि पुन्हा वर येणारा.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"थांबला का?" त्यांनी विचारलं.

मी कान दिला. पलीकडे निलेश खिशावर हात ठेवून उभा होता, फोन वाजायचा होता. मी मान हलवली आणि बोटं खाली-खाली नेऊन दाखवली. अजून पडतंय.

"मंग बस खाली," बाबा म्हणाले.